भाचीच्या मुलाखतीचा मसुदा

आमच्या शहराच्या लश्कर भागातल्या एका मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात दर्पण कॉलनीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मुलं यायला लागली. कुणाची बँकेची मुलाखत, कुणाची एमबीएची, कुणाची नुसतीच पाचवीच्या प्रवेशाची. त्यात तर मुलापेक्षा आईच जास्त घाबरलेली. कसं बसायचं, कुठे बघायचं, हात कुठे ठेवायचे, 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की कुठून सुरू करून कुठे थांबायचं, हे मी त्यांना शिकवते. माझी मुलं निवडली जातात. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. म्हणजे पूर्वी फुशारकी म्हणूनच सांगत असे. आता सांगताना जीभ जड होते. माझ्या हाताखालून गेलेली एकच मुलगी मागे राहिली, आणि ती माझी सख्खी भाची.

आमचे पूर्वज दख्खनमधून इथे उत्तरेत आले ते दरबारात कारकुनी करायला. घरात तलवार कुणी धरली नाही, लेखणी धरली. वरिष्ठांकडे जाणारा कागद आधी कच्चा लिहायचा, घरातल्या वडीलधाऱ्याला दाखवायचा, त्यांनी खाडाखोड करायची आणि मग तो पक्का उतरवून काढायचा. दरबार गेला तरी ही रीत गेली नाही. आम्ही दाना ओली नावाच्या गल्लीत राहत होतो तेव्हा, मी चौथीत असताना, तापाच्या रजेचा अर्ज मी दोनदा लिहिला आहे. 'मला खूप ताप आला आहे' हे वडिलांनी खोडून 'प्रकृती अस्वस्थ असल्याकारणाने' असं केलं. ताप एकशे तीन होता. माझ्या भावाने लग्न ठरल्यावर वहिनीला लिहिलेलं पहिलं पत्रसुद्धा वडिलांनी तपासलं होतं, असं वहिनी अजून सांगते आणि भाऊ अजून नाकारतो. मला विचाराल तर तपासलं होतं. 'असल्याकारणाने' हा शब्द त्या पत्रात दोनदा आहे.

तर अशा घरात माझी भाची जन्मली. भाऊ आणि वहिनी दोघंही नोकरीला, वरच्या मजल्यावर राहतात, मी खाली. शाळा सुटली की भाची माझ्याकडे. पण आठवीत गेल्यापासून ती जेवण झालं की गायब व्हायची. कॉलनीच्या मागच्या वस्तीत एकाची म्हशींची डेअरी आहे. डेअरी म्हणायचं आपलं. पत्र्याखाली अठरा म्हशी, एक हौद आणि शेणाचा ढीग. तिथून आमच्याकडे दूध येतं. दूध घालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला सगळी कॉलनी कक्का म्हणते. ही पोरगी कक्कांच्या मागे मागे म्हशींना पाणी दाखव, कासेला तेल लाव, कुणाच्या खुरात खिळा गेला तर बघ, असं करत फिरायची. घरी आली की तिच्या ओढणीला तो वास. मी नाक मुरडायची आणि ती हसायची. "आत्या, तुम्ही चहा पिता तो उसी का है," असं म्हणायची. आमच्याकडची मुलं अशीच बोलतात, वाक्य मराठीत निघतं आणि पोचतं हिंदीत.

तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. आठवीत म्हणाली, दहावीत म्हणाली, बारावीतही तेच म्हणत होती, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मान्य केलं. भावाला आधी वाटलं होतं की माणसांची व्हावी, पण तो स्वभावाने पडखाऊ. मला मात्र तेव्हाही मनातून वाटायचं की डॉक्टर होईल तेव्हा होईल, पण तबेल्यात जाते हे कशाला चारचौघांत.

बारावीच्या जानेवारीतली गोष्ट. थंडी इतकी की दुपारी तीनलाही ऊन अंगाला लागत नव्हतं. भाची क्लासला जाते म्हणून गेली आणि पाच वाजता आली ती मला ओळखू येईना. कुर्त्याची उजवी बाही खांद्यापासून फाडलेली, हात रक्ताने आणि कसल्याशा चिकट पाण्याने माखलेला, केसांत शेण. दारातच उभी राहून थरथरत होती. म्हणाली, "आत्या, भुरी म्हैस अडली होती. डॉक्टर दुसऱ्या गावी होते. फोनवर सांगत होते. कक्कांचा हात आत जाईना, मेरा पतला है न, तर मी..."

मी तिला पुढे बोलू दिलं नाही. पुढच्या खोलीत माझी दोन मुलं आयांसकट बसली होती. मी तिला दाराबाहेर ढकललंच जवळजवळ. "मागून ये. आधी आंघोळ. ते कपडे आत आणू नकोस," एवढंच म्हटलं आणि मागच्या अंगणात गरम पाण्याची बादली ठेवली. बादली ठेवली हा माझा दयाळूपणा.

जेवताना भावाने विचारलं, "मग, म्हैस वाचली का?"

"हो. म्हैस वाचली," ती म्हणाली.

"शाब्बास!" भाऊ म्हणाला. त्याला खरंच कौतुक वाटलं होतं. भाची पुढे काहीतरी सांगायला लागली, पाय आत दुमडलेला होता, तो आधी मागे ढकलावा लागतो, असं काहीसं. मी म्हटलं, "ताटावर तो विषय नको गं." ती अर्धी पोळी तशीच ठेवून उठली. मला वाटलं, दमली असेल.

पुढे प्रवेश परीक्षा झाली. आमच्या राज्यातल्या सरकारी कॉलेजांत सगळं गुणांवर ठरतं आणि तिथे तिचे गुण थोडक्यात कमी पडले. मग महाराष्ट्रातल्या एका खासगी पशुवैद्यकीय कॉलेजाचा पत्ता लागला. तिथे गुणांबरोबर मुलाखतही घेतात, असं समजलं. मुलाखत म्हटल्यावर घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, "आता काय, घरचीच गंगा." मला काय झालं सांगू, मी आधी वही काढली.

फॉर्म मी भरला. त्यात एक रकाना होता: जनावरांबरोबर काम केल्याचा अनुभव. भाची माझ्या शेजारी बसली होती. म्हणाली, "भुरीचं लिहू या ना." मी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. मग मी तिला समजावून सांगितलं, आणि समजावून सांगण्यात माझा हात कोण धरणार. म्हटलं, अगं, तू काही डॉक्टर नव्हेस. परवाना नसताना जनावराच्या पोटात हात घातलास हे तज्ज्ञांसमोर सांगणार? ते म्हणतील, ही मुलगी बेजबाबदार आहे. तिला ते पटल्यासारखं झालं. कारण ऐकायला बरोबर होतं. पण खरं कारण ते नव्हतंच. खरं कारण असं की आमच्या घरातली मुलगी खांद्यापर्यंत हात घालून गोठ्यात बसली होती, हे माझ्या अक्षरात कागदावर उतरवायची मला लाज वाटली. मी लिहिलं, 'शेजाऱ्यांच्या कुत्र्याची देखभाल, गोशाळेस भेटी.' शेजाऱ्यांचा कुत्रा तिला एकदा चावला होता आणि गोशाळेला ती शाळेच्या सहलीतून गेली होती.

मग उत्तरांचे मसुदे झाले. पशुवैद्यक का निवडलं, याला मी सव्वा पानाचं उत्तर केलं: मुक्या जिवांविषयी कणव, मग दुधाची शुद्धता, मग माणसाचं आणि जनावराचं आरोग्य कसं एकमेकांत गुंतलेलं आहे, आणि शेवटी संशोधनाची आवड. तिने कच्चं लिहून आणलं होतं त्यात पहिलंच वाक्य होतं, 'मला म्हशी आवडतात.' ते मी लाल शाईने खोडलं. मराठीतही विचारतील म्हणून तिचं मराठी घासूनपुसून घेतलं. रोज संध्याकाळी पुढच्या खोलीत मी टेबलापलीकडे बसायची आणि ती दारावर टकटक करून आत यायची. पंधरा दिवसांत ती इतकी तयार झाली की मी मध्येच थांबवलं तर पुढचं वाक्य जिथल्या तिथे उचलायची.

निघायच्या आदल्या दिवशी तिने पुन्हा विचारलं, "आत्या, पण त्यांनी विचारलं तर? असं काही केलं का म्हणून?"

"नाही म्हणायचं."

"पण मी केलंय ना."

"माझी शपथ आहे तुला. तो म्हशीचा विषय तिथे काढायचा नाही."

इंग्रजी शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईने शपथ घालावी! अर्धवट गंमतीतच घातली होती. पण मुलाला शपथेतली गंमत कळत नाही, आणि तिला माझा धाक होता.

मुलाखतीला तिच्याबरोबर मीच गेले. ऑगस्टचा उकाडा होता, तरी मी तिला पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालायला लावला, कारण कोपराखाली शिंगांचे आणि दाव्याचे ओरखडे होते. कॉलेजच्या व्हरांड्यात बाकं मांडली होती. समोर एक मुलगी वडिलांबरोबर बसली होती. तिच्या चपलांना लाल माती, आणि ती वडिलांना मोठमोठ्याने सांगत होती की पोट फुगलेल्या शेळीला कसं पुढचे पाय उंचावर ठेवून उभं करतात. वडील "हळू बोल" म्हणत होते आणि ती आणखीच मोठ्याने बोलत होती. मला तिची कीव आली. हिला कुणी काही शिकवलंच नाही, असं वाटलं. भाची मात्र तिच्याकडे टक लावून ऐकत होती. मी तिला कोपराने ढोसलं आणि म्हटलं, "तुझं मनातल्या मनात म्हण."

भाची आत गेली आणि अकरा मिनिटांनी बाहेर आली. मी घड्याळ लावूनच बसले होते. शेळीवाली अर्धा तास आत होती, आणि आतून हसण्याचे आवाज येत होते.

"काय विचारलं?"

"वही, जो आपने लिखवाया था."

"अडखळलीस कुठे?"

"नाही."

"मग झालं तर," मी म्हटलं. परतीच्या गाडीत ती वरच्या बर्थवर चढून भिंतीकडे तोंड करून झोपली. खरं म्हणजे झोपली नव्हती. ते मला दिसत होतं, पण मी विचारलं नाही. मुलाखत झाली की त्यावर चर्चा करायची नाही, हा माझाच नियम.

मग वाट बघणं सुरू झालं. यादी कॉलेजच्या वेबसाइटवर लागणार होती. भाऊ ऑफिसातून बघायचा, वहिनी तिच्या शाळेतून बघायची, मी तर चष्मा डोळ्यावर ठेवूनच बसायची. सकाळी दूध घालताना कक्का रोज विचारायचे, "बिटिया को रिजल्ट आ गओ?" आणि मी रोज सांगायची, "अभी नहीं." भाचीने तबेल्यात जाणं सोडलं होतं. निकाल लागला की जाईन म्हणायची. मला तेव्हा ते बरंच वाटलं होतं.

यादी लागली. निवड झालेल्यांत ती नव्हती, पण प्रतीक्षा यादीत दुसरी होती. आम्ही पेढे आणायचे की नाही यावर अर्धा तास घातला आणि शेवटी आणले नाहीत. आठवड्याने कुणीतरी जागा सोडली आणि ती पहिली झाली. मी कॉलेजच्या ऑफिसात फोन केला. तिथले बाबू म्हणाले, "मॅडम, अजून एक जण सुटला की तुमचीच." झालं. तेव्हापासून मी देवापाशी कुणाच्या तरी मुलीला एमबीबीएसची जागा मिळू दे म्हणून मागणं सुरू केलं, म्हणजे ती इथली सोडेल. परक्या मुलीचं इतकं भलं मी जन्मात चिंतलं नव्हतं. गणपतीत घरी आरतीला बसलेली माणसं विचारायची, काय झालं हो, आणि मी बोट दाखवून सांगायची, "एक. फक्त एक."

सोळा दिवस ती त्या एकावर अडकून राहिली. या सोळा दिवसांत तिने कधी मोबाइल हातात घेऊन यादी बघितल्याचं मी पाहिलं नाही. आम्हीच बघत होतो. एकदा मी म्हटलं, "तुला काळजी नाही का गं वाटत?" ती म्हणाली, "वाटते." आणि बादली उचलून कुंड्यांना पाणी घालायला गेली.

मग एका दुपारी वेबसाइटवर दोन ओळी आल्या. सर्व जागा भरल्या, प्रवेशप्रक्रिया पूर्ण. भाची तेव्हा इस्त्री करत होती. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरं," आणि भावाचा शर्ट पूर्ण इस्त्री केला. दोन्ही बाह्या, कॉलर, मग घडी. मीच रडले. रडताना म्हणाले की बाहेरच्या राज्यातले म्हणून आपल्याला घेतलं नाही, मराठी असून आपण त्यांना परके आणि इथे तर आहोतच परके. पुष्कळ बोलले. दोष द्यायचा म्हटला की माणसं कमी पडत नाहीत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कक्का आले. कधी फाटकाच्या आत न येणारा माणूस, ओसरीच्या पायरीवर बसला. भाची त्यांच्याजवळ जाऊन बसली. मी आत जाळीच्या दाराशी उभी होते. कक्कांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "तैंने उन्हें भूरी वाली बात बताई थी के नईं?"

मी दाराला आणखी जवळ सरकले.

"बताई थी कक्का," भाची म्हणाली.

"पूरी बताई थी? के हाथ कैसे डालो, डॉक्टर साब फोन पे का कह रहे थे?"

"सब बताया."

सगळं सांगूनही घेतलं नाही, हे कक्कांच्या पचनी पडेना. मग म्हणाले, "तऊ नईं लओ? तो फिर कॉलेजई बेकार है." आणि समाधान झाल्यासारखे उठून गेले. त्यांच्या लेखी त्या कॉलेजची पत कायमची गेली.

ती आत आली तेव्हा मी तिची वाट अडवूनच उभी होते. "खोटं का बोललीस त्यांच्याशी?"

"मग काय सांगू? मला लाज वाटते कक्कांची, म्हणून लपवलं, असं सांगू?"

"त्यांनी विचारलं होतं का? मुलाखतीत?"

ती बोलायला तयार नव्हती. मी सोडलं नाही. शेवटी तिने सांगितलं. माझं सव्वा पान तिने म्हणून दाखवलं, ते मुलाखत घेणाऱ्या तिघांनीही ऐकून घेतलं. मग त्यांतले जे सगळ्यांत वयस्कर प्राध्यापक होते त्यांनी विचारलं, "हे राहू दे. तू स्वतः कधी जनावराला हात लावला आहेस का? एखादं अडलेलं, आजारी?" ती म्हणाली, "नाही सर." त्यांनी तिच्या हातांकडे बघितलं. बाही मनगटापर्यंत होती, पण पंजावरचे व्रण काही मी झाकू शकले नव्हते. त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की नाही?" ती म्हणाली, "नक्की नाही सर." त्यांनी पेन खाली ठेवलं, आणि मग बाकीच्यांनी उरलेले प्रश्न उरकले.

"अगं, दोनदा विचारलं तरी?"

"तुम्ही शपथ घातली होती ना आत्या," ती म्हणाली. रागाने नाही. गणित समजावून सांगावं तसं सांगितलं.

त्या दिवशी मी तिची माफी मागितली नाही. मागायला हवी होती. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी बघू." चुकीची कबुली न देता पुढच्या वर्षाचा वायदा करायचा, ही आमची जुनी खोड.

तिने गावातच बी.एस्सी.ला नाव घातलं. भावाच्या आग्रहाखातर प्रवेश परीक्षा पुन्हा दिली आणि गुण पुन्हा तेवढेच आले. त्या कॉलेजचा फॉर्म निघाला तेव्हा ती भरणार नाही म्हणाली. तर मी भरला. तिला न विचारता. मागच्या वर्षीचा पासवर्ड माझ्याच वहीत होता. या खेपेला मी ठरवलं होतं की चूक सुधारायची. अनुभवाच्या रकान्यात मी भुरी म्हशीची सगळी हकिकत लिहिली, तिच्या बाजूने, 'मी' म्हणून. दोन कच्चे, एक पक्का. थंडी घातली, पत्र्यावरचं धुकं घातलं, फोनवरचा डॉक्टरांचा आवाज घातला. शेवट असा केला की मी अलगद रेडकू बाहेर ओढलं, ते तासाभरात धडपडत उभं राहिलं आणि आईला लुचू लागलं, आणि त्या क्षणी मला माझ्या आयुष्याची वाट सापडली. लिहून झाल्यावर मी स्वतःवर खूश होते. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटलं तर त्या इतक्या सुरेख कुणी हाकल्या नसतील.

मुलाखतीचं बोलावणं आलं. मी ते आणि हकिकतीचा कागद घेऊन वर गेले. भाची प्रॅक्टिकलची वही लिहीत होती. मी म्हटलं, "रागावू नकोस. मागच्या वर्षी माझं चुकलं. हे घे, या वेळी तुझं खरं तेच लिहिलंय."

तिने कागद वाचला. पहिलं पान वाचताना थोडी हसली. दुसरं पान वाचता वाचता थांबली, आणि कागद टेबलावर पालथा घातला.

"आत्या, वो तो मरा हुआ निकला था."

मला कळेचना. "कोण?"

"रेडकू. मेलेलं होतं."

मी उभीच होते. ती माझ्याकडे न बघता बोलत होती. पाय सरळ करायच्या आधीच तिला कळलं होतं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, तोंडात बोट घालून बघ, चोखतं का. तिने बोट घातलं. रेडकू चोखत नव्हतं, आणि जीभ गार होती. तिने सांगितलं तसं डॉक्टर म्हणाले, आता म्हैस तरी वाचव, हात काढू नकोस. त्यानंतर पाऊण तास ती हात घालून होती. वेण आली की हात आत चेपला जायचा, तिला वाटायचं मोडेल. रेडकू बाहेर आलं तेव्हा म्हशीने मान वळवून ते चाटायला सुरुवात केली, आणि चाटतच राहिली.

"त्या सरांना मला हेच सांगायचं होतं," ती म्हणाली. "की मेलेलं आहे हे कळलं, तरी मी हात नाही काढला. बाकी काही नाही."

"मग आता सांग ना!" मी म्हटलं. "हा कागद फाड. मी काही बोलत नाही. तुझं तू सांग."

"आता कसं सांगू? तेच सर असतील. गेल्या वर्षी दोनदा विचारलं त्यांनी, मी दोनदा नक्की नाही म्हटलं. आणि आता फॉर्ममध्ये उभं राहिलेलं रेडकू आहे. आता मी काहीही सांगितलं, तर ते खरं कसं मानतील?"

 मुलाखतीत काय बोलावं हे सांगायला लोक लांबून माझ्याकडे येतात, आणि त्या पोरीला द्यायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. मी म्हटलं, "तू हे तेव्हा का नाही सांगितलंस?" आणि विचारता विचारताच मला त्या दिवशीचं ताट आणि तिची अर्धी पोळी आठवली.  तिने वही पुढे ओढली आणि राहिलेली आकृती काढायला लागली.

मुलाखतीच्या तारखेला ती सकाळी नेहमीसारखी कॉलेजला गेली. आता तिचं तिसरं वर्ष चालू आहे. पुढे काय करणार विचारलं तर बघू म्हणते. तबेल्यात पुन्हा जाऊ लागली आहे, पण कमी. माझ्याकडे मुलं अजून येतात. मी त्यांना अजून शिकवते, कारण दुसरं मला काही येत नाही. फक्त आता कुणी कच्चं लिहून आणलं की लाल पेन उचलण्याआधी थांबते, आणि बहुतेक वेळा तरीही उचलतेच.

थंडीत, रक्ताने माखलेला हात घेऊन अठरा वर्षांची पोर माझ्या दारात उभी होती. तिच्या हातात काय मेलं हे तिला कुणाला तरी सांगायचं होतं. काय झालं गं, एवढे तीन शब्द विचारायला मला दीड वर्ष लागलं, आणि तेही मी विचारले नाहीतच, तिनेच सांगितलं.